वाचकांचे प्रश्न : प्रकल्प कोणाच्या नावावर?

महिला महाविद्यालयांतील अभ्यास, शिस्त आणि विद्यार्थिनींचा दिनक्रम यांविषयी आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेली पत्रे बहुतेक रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील आहेत. कोकणातील एका महिला महाविद्यालयात अनेक वर्षे मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाईंनी त्यांना उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत आणि पत्रे थोडी आखडती घेतली आहेत.

आदरणीय बाई, मी कला शाखेच्या तृतीय वर्षात आहे. अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी मी हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव आणि सुकी मासळी विकणाऱ्या स्त्रिया हा विषय घेतला. माझी आत्या हाच धंदा करते. दिवाळीच्या सुट्टीत तिच्याबरोबर बसून मी सगळे हाताने लिहून काढले. वर्गातल्या चौघींनी गेल्या वर्षीचे प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानातून आणले, एकीने मोबाइलवर एआयकडून लिहून घेतला. त्यांना ४० पैकी ३४-३५ गुण पडले, मला २६, आणि शेरा मिळाला ‘संदर्भ अपुरे’. मग खरे काम करून काय मिळाले? — एक विद्यार्थिनी, दापोली तालुका

प्रकल्पातील दोन पानांची छायाप्रत तू पत्रासोबत पाठवलीस हे फार बरे केलेस, कारण त्या पानांवाचून मला उत्तर देता आले नसते. दुसऱ्या पानावर तू एक तक्ता केला आहेस, ज्यात कोणत्या दिवशी किती पाट्या बांगडा वाळत घातला, कोणत्या दिवशी अवेळी पाऊस शिंतडला आणि त्यात किती माल फुकट गेला, याची नोंद आहे. तक्त्याच्या कडेला ‘सॉल्टिंग’ हा शब्द खोडून तू ‘खारवणे’ असे लिहिले आहेस. प्रकल्प तपासणाऱ्याची नजर त्या खोडलेल्या शब्दावर पडली असती, तर गुण देताना हात इतका आखडला नसता असे मला वाटते. मात्र तपासणाऱ्यांपुढे एका आठवड्यात पन्नास-साठ प्रकल्पांचा ढीग असतो, आणि अशा वेळी नजर मजकुरापेक्षा स्पायरल बाइंडिंगवर आणि संदर्भसूचीच्या लांबीवर आधी जाते, हेही मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते.

तो अनुभव माझ्या दृष्टीने अभिमानाचा नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका वर्गाला मी महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्यावर टिपण लिहून आणायला सांगितले होते. आलेल्या जर्नलांपैकी तेवीस जर्नलांत महर्षींचे गाव ‘मुरूड-जंजिरा’ असे लिहिलेले होते. त्यांचा जन्म शेरवलीला आजोळी झाला आणि त्यांचे गाव मुरूड हे दापोलीजवळचे. जंजिऱ्याचे मुरूड रायगड जिल्ह्यातले. दापोली तालुक्यातल्या मुलींनी स्वतःच्या तालुक्यातले गाव उचलून दुसऱ्या जिल्ह्यात नेऊन ठेवले, कारण पहिल्या मुलीची चूक बाकीच्या बावीसजणींनी मान खाली घालून उतरवून घेतली होती. मी तांबड्या शाईने तेवीस वेळा दुरुस्ती केली आणि सगळ्यांना गुण देऊन टाकले. त्यातल्या एकीलाही मी समोर बसवून विचारले नाही, आणि ही टाळाटाळ मला आजही बोचते. यंत्राकडून लिहून घेतलेल्या मजकुराचेही असेच आहे. चूक असली तर ती इतक्या सफाईने येते की वाचणाऱ्याला शंकासुद्धा येत नाही.

आता तुझा मुख्य प्रश्न. आपल्याकडे घर, आंब्याची कलमे, काजूची बाग सातबाऱ्यावर बहुधा वडिलांच्या, नवऱ्याच्या नाहीतर भावाच्या नावावर असते, आणि बहिणीचे नाव लागलेच तर हक्कसोडपत्रावर तिची सही घेण्याची सगळ्यांना कोण घाई असते. अशा घरातल्या मुलीच्या नावावर निर्विवादपणे असणारी पहिली मिळकत म्हणजे तिने स्वतः लिहिलेली वही होय. तुझ्या चार मैत्रिणींनी त्या मिळकतीचे हक्कसोडपत्र झेरॉक्सच्या दुकानात करून दिले आणि त्याबद्दल त्यांना आठ-नऊ गुण जास्त मिळाले. व्यवहार फायद्याचा दिसतो, पण मला तो घाट्याचा वाटतो.

इतके म्हटल्यावर एक कडू गोष्टही सांगते : तुला मिळालेला शेरा चुकीचा नाही. तू आत्याचे बोलणे जागोजाग वापरले आहेस, पण कोण बोलले, कोठे आणि केव्हा, हे एकदाही लिहिलेले नाही. तोंडी माहिती हाही संदर्भच असतो. सांगणाऱ्या बाईची परवानगी घेऊन तिचे नाव, गाव, ती किती वर्षे धंद्यात आहे आणि कोणत्या तारखेला बोलणे झाले, हे तळटीपेत लिहायचे; नाव नको म्हणाली तर ‘सुकी मासळी विकणारी स्त्री, हर्णै’ एवढे पुरते. शिवाय पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. सुक्या मासळीच्या पावसाळी बेगमीशी या बंदीचा थेट संबंध आहे, तरी तुझ्या प्रकल्पात तिचा उल्लेख नाही. सरकारी अधिसूचनेचा तो एक संदर्भ दिला असतास तर आत्याच्या बोलण्याला पाठबळ मिळाले असते.

उचलेगिरीचे नियम माहीत असावेत म्हणून थोडक्यात सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये यासाठी विनियम केले. त्यांनुसार प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यावा लागतो, ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर पुन्हा सादर करता येत नाही आणि त्याहून जास्त असेल तर नोंदणीच रद्द होते. अवतरण देऊन मूळ लेखकाचे नाव सांगितलेला मजकूर या मोजणीत धरला जात नाही. गंमत अशी की, अभ्यासक्रमातले प्रकल्प, निबंध आणि उत्तरपत्रिका या विनियमांच्या कक्षेतून वगळलेल्या आहेत. म्हणजे पदवीच्या तीन वर्षांत जी सवय लागते तिच्यावर पहारा नाही आणि पुढे पदव्युत्तर पातळीवर एकदम दंड उभा राहतो. म्हणून प्रकल्पानंतर प्रत्येकीची दहा मिनिटांची तोंडी परीक्षा घ्यावी, अशी विनंती तुम्ही काही मुली मिळून विभागप्रमुखांना लेखी करा. चौघींची नावे त्यात घालण्याची गरज नाही. जिने बंदरावरचा लिलाव उभे राहून पाहिलेला नाही, तिला बोली कशी चढते हे सांगताना दुसऱ्याच मिनिटाला घाम फुटेल.

सप्रेम नमस्कार. माझी मुलगी बारावी झाली. गावापासून आठ किलोमीटरवर मुलामुलींचे एकत्र महाविद्यालय आहे आणि चाळीस किलोमीटरवर वसतिगृह असलेले महिला महाविद्यालय आहे. घरातल्या मोठ्या मंडळींना दुसरे सुरक्षित वाटते. मुलगी म्हणते, तिथे फक्त रांगोळी आणि पाककला शिकवतील. मुलींना शिक्षण मोफत झाले आहे असेही ऐकतो. आपले मत कळवावे. — एक पालक, राजापूर तालुका

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्यावरून बरेच गैरसमज आहेत. राज्य शासनाने २०२४-२५ पासून दिलेली पूर्ण सवलत व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. तिच्यात वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील ठरावीक प्रवर्गांच्या मुली येतात आणि ती शिक्षण व परीक्षा शुल्कापुरती आहे. वसतिगृह आणि खाणावळीचा खर्च तिच्यात येत नाही, तेव्हा तो हिशेब वेगळा मांडावा.

आपल्या मुलीची शंका ऐतिहासिकदृष्ट्या निराधार नाही, हे आपण तिला अवश्य सांगा. टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून महर्षी कर्व्यांनी १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा स्त्रियांचे संसारातले स्थान गृहीत धरून त्यांना उपयोगी पडेल असे शिक्षण मातृभाषेतून द्यावे, हा विचार त्यामागे होता, आणि हे शिक्षण दुय्यम ठरेल अशी टीका त्या काळीही झाली. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचे, नाथीबाईंचे, नाव विद्यापीठाला लागले. संस्थापकाच्या मनात काय होते आणि शिकणाऱ्या मुलींनी त्याचे पुढे काय केले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मला दुसरी जास्त महत्त्वाची वाटते.

सुरक्षितता हे कारण मला अपुरे वाटते. एकत्र महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात मी पाहिले आहे की, मुली दारात रांगोळी काढतात, पाहुण्यांना गुच्छ देतात आणि निवेदन करतात, तर मंडप, माइक, वायरिंग आणि खर्चाचा हिशेब मुलांकडे जातो. तसे कोणी ठरवलेले नसते, पण तसेच होते. आमच्या महाविद्यालयात मुलेच नसल्यामुळे हे सगळे मुलींकडे येत असे. भौतिकशास्त्राच्या एका मुलीला मी परकराचा ओचा खोचून शिडीवर चढलेली आणि दातांत चिकटपट्टी धरून स्पीकरची वायर आढ्याला ताणून बांधताना पाहिली आहे. खाली उभ्या असलेल्या दोघी शिडी धरून तिला शिव्या घालत होत्या, आणि कार्यक्रमात आवाज एकदाही गेला नाही. तीन वर्षे असे वागायला मिळालेली मुलगी पुढे मिश्र जगात गेल्यावर शिडी दुसऱ्याकडे देत नाही, असे माझे निरीक्षण आहे.

मात्र प्रत्येक महिला महाविद्यालय असे नसते. प्रवेश घेण्यापूर्वी मुलीला घेऊन एक दिवस तिथे जा. ग्रंथालय किती वाजता बंद होते, पुस्तके हातात घेऊन पाहता येतात की खिडकीतून चिठ्ठी द्यावी लागते, प्रयोगशाळेतल्या उपकरणांवर धूळ आहे का, आणि विद्यार्थिनींच्या मंडळाच्या बैठकीचा वृत्तांत कोण लिहिते, हे पाहा. शिस्तीची चर्चा फाटक बंद होण्याच्या वेळेपाशी सुरू होऊन तिथेच संपत असेल, तर आठ किलोमीटरवरचे महाविद्यालय बरे. पाहून झाल्यावर निर्णय मुलीलाच घेऊ द्यावा, कारण बाकावर तीन वर्षे तिला बसायचे आहे.

मी प्रथम वर्षाची विद्यार्थिनी असून रोज एसटीने येते. सकाळची गाडी वेळेवर आली तर दुसऱ्या तासाला पोहोचते. परतीची गाडी साडेतीनला, नाहीतर थेट रात्री वस्तीची. त्यामुळे पहिला तास बुडतो, वक्तृत्व, नाटक, एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) काहीच करता येत नाही आणि हजेरीही कमी पडते. काय करावे? — एक विद्यार्थिनी, चिपळूण तालुका

शिक्षणासाठी पायपीट करणाऱ्या मुलींना आपल्याकडे सभासमारंभांतून हटकून सांगितले जाते की, महर्षी कर्वे लहान वयात मुरूडहून साताऱ्यापर्यंत परीक्षेसाठी चालत गेले. मी तो दाखला तुला देणार नाही, कारण ते एकदा गेले होते आणि तू रोज जातेस.

मार्च २०२३ पासून स्त्रियांना एसटीचे तिकीट अर्धे झाले, त्याने पैशांचा भार हलका झाला. वेळेचा झाला नाही. त्यासाठी तुझ्या मार्गावरून येणाऱ्या सगळ्या मुलींची गावनिहाय यादी करा, तिच्यासोबत वर्गांचे वेळापत्रक जोडा आणि प्राचार्यांच्या पत्रासह आगार व्यवस्थापकांना अर्ज द्या. एकटीच्या तक्रारीने फेरी बदलत नाही, पण चाळीस पासधारक मुलींच्या सह्यांच्या अर्जाने वीस मिनिटे इकडची तिकडे झालेली मी पाहिली आहेत. ७५ टक्के हजेरीची अट आहे, परंतु खऱ्या कारणासाठी सवलत देण्याचा अधिकार प्राचार्यांना असतो. गाडी चुकल्याच्या तारखा वहीत लिहून ठेव आणि सत्र संपेपर्यंत न थांबता महिन्याच्या महिन्याला वर्गशिक्षिकांना दाखव.

एनएसएसमध्ये दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात आणि सात दिवसांचे निवासी शिबिर असते. शिबिरात गाडीचा प्रश्न येत नाही, आणि उरलेले काही तास तुझ्या गावातल्या शाळेत भरता येतील का, हे कार्यक्रम अधिकाऱ्यांना विचारून पाहा. गाडीची वाट पाहण्याचा वेळ स्थानकाच्या बाकावर घालवू नकोस. चिपळूणला १८६४ पासूनचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर आहे, २०२१ च्या महापुराचा चिखल उपसून ते पुन्हा उभे राहिले आहे. नाटकाचे मात्र अवघड आहे. तालमी संध्याकाळीच होतात. त्या एका महिन्यापुरते एखाद्या मैत्रिणीच्या घरी राहता आले तर पाहा, नाहीतर यंदा प्रकाशयोजना आणि वेशभूषा हातात घे.

वसतिगृहात माझ्या खोलीतली मैत्रीण गणपतीपासून आजारी आईजवळ घरी होती. तिचा अभ्यास झालेला नाही. परीक्षेत तिचा क्रमांक माझ्या मागे येतो आणि ‘पेपर थोडा तिरका धर’ असे ती म्हणते. नाही म्हटले तर मैत्री तुटेल. — एक विद्यार्थिनी, कुडाळ

पेपर तिरका धरू नकोस. गैरमार्गाचे प्रकरण झाले तर दाखवणारी आणि पाहणारी दोघीही त्यात येतात, आणि तिची आई आजारी होती हे तेथे कोणी विचारत नाही. केटी लागली तर ती पुढच्या सत्रात सुटते. पण परीक्षेला अजून दिवस असतील, तर तुझ्या टिपणांची वही आजच तिच्या हातात दे आणि रोज रात्री जेवणानंतर एक तास तिच्याशी मोठ्याने बोलून अभ्यास कर. परीक्षेच्या दालनाबाहेर जे हवे ते द्यावे आणि दालनात काही देऊ नये, एवढी सरळ रेघ आहे. तेवढ्याने तुटणारी मैत्री खोली बदलली तरी तुटेल.

या निमित्ताने एक दूरचे उदाहरण सांगावेसे वाटते. अमेरिकेत ब्रिन मॉर नावाचे, १८८५ मध्ये सुरू झालेले स्त्रियांचे महाविद्यालय आहे. तिथे सत्रान्त परीक्षांपैकी बऱ्याच परीक्षांची वेळ विद्यार्थिनी ठरलेल्या दिवसांत आपापल्या सोयीने निवडतात आणि समोर पर्यवेक्षक बसत नाही. प्रामाणिकपणाच्या ज्या संहितेच्या भरवशावर हे चालते ती विद्यार्थिनीच सांभाळतात. आपले गुण दुसरीला सांगायचे नाहीत आणि तिचे विचारायचे नाहीत, असाही तिथे दंडक आहे. पर्यवेक्षक काढून घ्या असे मी आपल्या विद्यापीठाला सुचवणार नाही, त्याला अजून अवकाश आहे. परंतु दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग जवळजवळ दरवर्षी राज्यात पहिला येत असल्यामुळे, आपल्याकडे ‘किती पडले?’ हा प्रश्न शेजारीणही विचारते आणि एसटीचा कंडक्टरही विचारतो. तो प्रश्न तुमच्या खोलीत बंद करायला कोणाची परवानगी लागत नाही.

वसतिगृहात वरच्या वर्गातल्या मुली आम्हांला त्यांचे कपडे धुवायला लावतात आणि नकार दिला की रात्रभर उभे करतात. मुलीच आहेत म्हणून रेक्टर हसण्यावारी नेतात. — नाव नको

हे रॅगिंग आहे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनुसार मुलींच्या वसतिगृहालाही बंदी तितकीच लागू आहे. १८००-१८०-५५२२ या निःशुल्क क्रमांकावर आजच फोन करा. नाव न सांगताही तक्रार घेतली जाते. कोणत्या रात्री, कोणत्या खोलीत आणि कोण हजर होते, हे लिहून ठेवा, आणि रेक्टरांना सांगितल्याची तारीखही त्यात लिहा. प्राचार्यांना अर्ज देताना पोहोच घ्यायला विसरू नका.

माझे वय ४६ आहे. बारावीनंतर लग्न झाले. आता धाकटी मुलगी महाविद्यालयात जाते. घरबसल्या परीक्षा देता येते हे मला ठाऊक आहे, पण मला वर्गात बसून शिकायचे आहे. हसे होईल का? — एक गृहिणी, देवरूख

पहिले पंधरा दिवस थोडे होईल. नंतर मुली तुमच्याकडून टिपणे मागू लागतील, कारण चाळिशीनंतर शिकणारी बाई तास बुडवत नाही, असे मी तरी पाहिले आहे. तुमच्याच देवरूखच्या पार्वतीबाई आठवले वैधव्य आल्यावर, विशी उलटून गेल्यावर, अक्षरे गिरवायला बसल्या आणि पुढे इंग्रजी शिकण्यासाठी व महर्षी कर्व्यांच्या संस्थेला निधी मिळवण्यासाठी अमेरिकेला गेल्या, तिथे लोकांच्या घरी काम करून राहिल्या. त्यांच्या मानाने तुमच्यापाशी बारावीचे प्रमाणपत्र आहे.

पदवीच्या प्रवेशाला वयाची वरची मर्यादा सहसा आडवी येत नाही. शिक्षणात खंड का पडला याचे प्रतिज्ञापत्र, बारावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला लागेल. दाखला हरवला असेल तर शाळेकडे दुय्यम प्रतीसाठी आताच अर्ज करा, त्याला वेळ लागतो. एका गोष्टीत मात्र घाई करू नका. तुमच्या गुणपत्रिकेवर माहेरचे नाव असेल आणि आधार कार्डावर सासरचे. पदवीवर सासरचे नाव हवे असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातील नावबदल जोडावा लागेल. गुणपत्रिकेवरचेच नाव पुढे न्यायचे असेल, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचा पुरावा कोणता चालेल, हे कार्यालयात विचारून घ्या. घरातले काय म्हणतील ते म्हणोत, पदवीवर कोणते नाव छापून यावे हे तुम्ही स्वतः ठरवा आणि मग अर्ज भरा.